किल्ल्या देताना काय म्हणायचं

सौदीला जाऊन आलो म्हटलं की आमच्या गावातले लोक तीन गोष्टी विचारतात: मक्केला जाऊन उमरा झाला का, खजूर आणला का, आणि ऊन किती होतं. तिन्हींची उत्तरं माझ्याकडे आहेत. पण खरं सांगायचं तर त्या तीन आठवड्यांत मी सगळ्यांत जास्त काय केलं असेल, तर घाबरलो. विमानतळावर घाबरलो, रस्त्यावर घाबरलो, आणि बुरैद्याला खजुरांच्या बागेत तर असा घाबरलो की तोंडातला खजूर गिळता येईना.

मी खाडीकाठच्या एका हायस्कुलात एकतीस वर्षं इतिहास शिकवला. दर चौदा ऑगस्टला आठवीच्या वर्गात एक खेळ घ्यायचो. शिपायाकडून शाळेच्या किल्ल्यांचा जुडगा मागून आणायचा, एका पोराला पुठ्ठ्याची टोपी घालून इंग्रज कलेक्टर करायचं, दुसऱ्याला आपला अधिकारी. इंग्रजाने किल्ल्या द्यायच्या आणि तोंड पाडून दाराबाहेर जायचं. वर्ग खदखदून हसायचा. मग मी फळ्यावर तीन ओळी लिहायचो: परक्यांच्या हाती कारभार. आपली माणसं काम शिकतात. परके किल्ल्या देऊन जातात. भारत असो, इंडोनेशिया असो की घाना, एवढा फळा सगळ्यांना पुरायचा.

जेद्दा

माझा धाकटा भाऊ सलीम बावीस वर्षं सौदीत आहे. मी रिटायर झाल्यावर त्याने व्हिजिट व्हिसा पाठवला, म्हणाला, भाय, एकदा ये, मी इथे असेपर्यंत ये. त्या शेवटच्या तीन शब्दांकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

भावजय नसीमाने फोनवर दहा वेळा बजावलं होतं की खसखस आणायची नाही, तिथे तिला अफूच्या जातीची समजतात, जेलात टाकतात. मी खसखस आणली नव्हती. पण बायकोने दिलेल्या मसाल्याच्या डब्यात काय काय भाजून घातलंय ते मला कुठे ठाऊक? कस्टमच्या रांगेत उभा राहिलो तेव्हा ते आठवलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे तर चोरीच केली नव्हती तरी चांदणं पडलेलं. अधिकाऱ्याने बॅग उघडली, वरच सुकटीची पिशवी होती. त्याने ती नाकाशी नेली, डोळे मिटले, आणि हाताने मला पुढे जायची खूण केली. मसाल्यापर्यंत तो पोचलाच नाही. आमच्या सुकटीने माझी अशी इभ्रत राखली.

राबिघ

जेद्द्याहून समुद्र डाव्या हाताला ठेवत गाडी वर निघाली की दीड-दोन तासांत राबिघ येतं. एका बाजूला तांबडा समुद्र, जो अगदी निळा आहे, आणि दुसऱ्या बाजूला रिफायनरीच्या चिमण्या. समुद्र असूनही माडाचं झाड नाही, पावसाचा वास नाही. ऑगस्टमध्ये खाडीकाठी छत्रीशिवाय पाऊल टाकता येत नाही आणि इथे पायरीवर पाणी सांडलं तर फडकं आणेपर्यंत सुकतं.

सलीम एका कंत्राटदार कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर आहे. व्हॉल्व्ह, गास्केट, नटबोल्ट, हजारो वस्तू. त्याच्या इकाम्यावर, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्यावर, मात्र धंदा लिहिलाय ‘सुतार’. बावीस वर्षांपूर्वी सुताराचाच व्हिसा मिळत होता, म्हणून. एवढी वर्षं कोणी विचारलं नाही. आता विचारतात. सरकारने सौदीकरण काढलंय, कंपनीत सौदी माणसं किती यावरून कंपन्यांना रंग दिलेत, लाल, पिवळा, हिरवा. सलीमची कंपनी लालमध्ये गेली होती. लालवाल्यांच्या परदेशी माणसांचे इकामे पुढे वाढवून मिळत नाहीत. मालकाने काही सौदी मुलं कामावर घेतली तेव्हा कुठे पिवळ्यात आली. त्यातला एक, फहद, सलीमच्या हाताखाली गोदामाचं काम शिकत होता.

हे सगळं मला पहिल्याच रात्रीच्या जेवणात कळलं, आणि तेही एका चुकीने. सलीमची मुलगी रुबीना दहावीत. शाळेच्या पंधरा ऑगस्टच्या प्रदर्शनासाठी तिला ‘वसाहतींचे स्वातंत्र्य’ यावर तक्ता करायचा होता. बोलूनचालून मी मास्तर, फुकटचं गिऱ्हाईक मिळालं. नाजिल माशाचं कोकम घातलेलं सार भातावर ओढून मी सुरू झालो. स्वातंत्र्याची चळवळ एकदम ‘चले जाव’ने सुरू झाली नाही, म्हटलं, आधीची मागणी साधी होती. मोठ्या हुद्द्यांवर आमची माणसं घ्या. त्याला म्हणायचे नोकऱ्यांचं भारतीयीकरण.

रुबीना लिहिता लिहिता थांबली. ती आमच्याशी इंग्लिश-हिंदीतच बोलते. “बड़े अब्बा, लाइक सौदाइझेशन?”

नसीमाचा हात पातेल्यावरच राहिला. मला माझ्या फळ्यावरच्या तीन ओळी समोर दिसल्या आणि पहिल्यांदाच मी विचार केला की यातल्या ‘परक्यां’मध्ये माझा भाऊ बसतो.

सलीम शांतपणे काटा काढत होता. “आपण तोफा घेऊन नाय आलो, पोरी,” तो म्हणाला. “इकामा घेऊन आलो. ह्यांनी बोलावला म्हणून आलो.”

“पण अब्बा, जाना तो पड़ेगा ना?”

“तुझी परीक्षा होऊ दे मग बघू.”

तिथेच सगळं अडलेलं होतं. इकामा दोन महिन्यांनी संपत होता आणि दहावीची परीक्षा मार्चमध्ये. बापाचा इकामा गेला की बायको-मुलीचाही जातो. मग खुरूज, म्हणजे कायमचं परतीचं शिक्कामोर्तब, आणि रुबीनाचं वर्ष अर्ध्यात बुडणार. कफील, ज्याच्या नावावर सलीम तिथे राहतो तो मालक, बुरैद्याला असतो. त्याने पुढच्या आठवड्यात सलीमला आणि फहदला दोघांनाही बोलावलं होतं. मुलगा गोदाम सांभाळू शकत असेल तर सलीमचं काम संपलं. नसेल तर एक वर्ष वाढवू. एवढा साधा हिशेब होता आणि तो नसीमाने मला स्वयंपाकघरात, नळ मोठा सोडून सांगितला, रुबीनाला ऐकू जाऊ नये म्हणून.

मदिन्यावरून पुढे

पहाटे फजरची नमाज पढून आम्ही तिघे निघालो, सलीमने मलाही सोबत घेतलं होतं. गाडी फहदची. बुरैद्याजवळ त्याच्या बापाची खजुराची बाग आहे, उतरायचं तिथेच होतं. पंचविशीचा, बारीक दाढीचा मुलगा, टेक्निकल शिकलेला, इंग्लिश माझ्याहून बरं. मी त्याच्याकडे चोरून बघत होतो. माझ्या भावाच्या घरावर पाय ठेवायला निघालेला माणूस कसा दिसतो ते मला बघायचं होतं. तो गाडी चालवताना गुणगुणत होता आणि मला दर अर्ध्या तासाने पाणी देत होता.

मदिन्याला थांबून पैगंबरांच्या मशिदीत सलाम केला. तिथे तरी भीती उतरेल असं वाटलं होतं. रडू आलं, मन हलकं झालं, आणि बाहेर येऊन चपला घालताना ती परत चढली.

मदिन्यानंतर दोन्ही बाजूंना काळा जळका खडक लागतो, मैलच्या मैल. मग वाळू. त्या वाळूत एका ठिकाणी गाड्यांची रांग दिसली आणि मागच्या सीटवर सलीमने खिशातून इकामा काढून हातात धरला, अजून अर्धा किलोमीटर असताना. पोलिसाने माझा पासपोर्ट उलटून परत दिला. सलीमचं कार्ड वाचलं.

“नज्जार?” सुतार का, म्हणून त्याने विचारलं.

“अय्वा, नज्जार,” सलीम म्हणाला.

पोलीस त्याच्या हातांकडे बघत राहिला. बावीस वर्षं पेन धरलेले हात ते. माझ्या पायाखालची वाळू सरकली असं म्हणतो, आणि तिथे ती भरपूर होती. तेवढ्यात फहदने काचेतून काहीतरी विचारलं, पोलीस हसला, दोघे खजुराच्या पिकाबद्दल बोलले आणि आम्ही सुटलो. पुढची वीस मिनिटं सलीम कार्ड हातातच धरून होता.

बुरैदा, सकाळ

खजुराचा बाजार पहाटे भरतो. मैदानभर पिकअप गाड्या रांगेत लावलेल्या, मागे सोनेरी सुक्करी खजुरांची खोकी, आणि लिलाव करणारे गाडीवर चढून ओरडतायत. आमच्याकडे आंब्याची पेटी रुमालाखाली बोटं दाबून विकली जायची, इथे सगळं उघड्यावर. मी एक खजूर घेतला, तो जिभेवर आपोआप विरला. क्षणभर मी खरोखर प्रवासी झालो.

मग सलीम पासपोर्ट आणि कागद द्यायला कफीलच्या ऑफिसात गेला आणि मी फहदबरोबर बागेत बसलो. पाटाचं पाणी वाहत होतं, सावली होती. फहद इवल्याशा कपात वेलचीची कॉफी ओतत होता. मी कप रिकामा केला की तो भरायचा. आमच्याकडे ‘पुरे’ म्हटलं तरी वाढतात, म्हणून मी मुकाट्याने पीत राहिलो. सहाव्या कपाला तो हसला आणि दाखवलं, नको असेल तेव्हा कप असा हलवायचा. तोवर माझं काळीज आधीच धडधडायला लागलेलं.

“तुम्ही इतिहास शिकवता,” तो म्हणाला. “इंग्रज तुमच्याकडून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस कोणी उघडलं?”

एकतीस वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. माझा खेळ किल्ल्या दिल्यावर संपायचा. पण मास्तरला प्रश्न विचारला की काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. मी सांगितलं, एका रात्रीत काही झालं नाही. राज्यघटना लिहिणारी सभा इंग्रज असतानाच बसली होती, हंगामी सरकार आधीच कामाला लागलं होतं. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा घटना तयार नव्हती, अडीच वर्षं जुन्याच कायद्यात दुरुस्त्या करून कारभार चालवला. पुष्कळ कारकून तेच, रजिस्टरं तीच. काही गोरे अधिकारीही थोडे दिवस थांबले, शेवटचा व्हाइसरॉय तर गव्हर्नर जनरल म्हणून राहिला. म्हणून ऑफिस उघडलं.

“आणि थांबले नसते तर?”

“आफ्रिकेत गिनी नावाचा देश आहे,” मी म्हणालो. “तिथून फ्रेंच रागाने गेले. जाताना टेलिफोन उपसून नेले, कागद जाळले असं सांगतात. नव्या सरकारला कुठे काय आहे तेच कळेना.”

फहदने कॉफीची किटली खाली ठेवली. मग म्हणाला, “आमच्यावर कोणी राज्य केलं नाही. पण आमच्या ऑफिसांत कुठे काय आहे, ते आम्हाला माहीत नाही.” दोन वर्षं तो बेकार होता. नोकरी पक्की झाल्याशिवाय मुलीचा बाप लग्नाची तारीख धरायला तयार नव्हता. हे त्याने खाली बघून सांगितलं.

मग त्याने मोबाइल काढला. “ही कुठली लिपी? तुम्हाला वाचता येते?”

वहीच्या पानांचे फोटो होते. देवनागरी. ‘र’ ला खाली शेपूट, ‘ण’ रुंद. ते अक्षर मी ओळखलं, कारण ते माझंच होतं. बाप गेल्यावर सलीमला पाटीवर हात धरून मीच गिरवायला लावलं होतं. गावातला पोरगा अरबस्तानात जाऊन बावीस वर्षं मराठीत लिहितोय, मला इतका अभिमान वाटला की मी विचारलंच नाही हे फोटो कशाला काढलेत. मी वर्गात वाचतो तसं ठणठणीत वाचत सुटलो. तिसरी रॅक, डावीकडे, खालून दुसरा कप्पा, सहा इंची गास्केट. पत्र्याच्या शेडमध्ये कोपऱ्यात, निळ्या ताडपत्रीखाली, पंपाचे सील. मी वाचत होतो आणि फहद अरबीत लिहून घेत होता. चाळीसेक पानं झाली. मध्ये मी दोनदा खजूरही खाल्ला.

सलीम आला तेव्हा शेवटचं पान चाललं होतं. तो माडाएवढ्या उंच खजुराखाली उभा राहिला आणि त्याने आधी मोबाइलकडे, मग फहदच्या वहीकडे, मग माझ्याकडे बघितलं. फहद उठून कॉफी गरम करायला गेला.

“भाय, तू त्याला वाचून दाखवलंस?”

“त्याने विचारलं, वाचता येतं का, म्हणून...”

“किती?”

“सगळं.”

कॉम्प्युटरवर माल आहे एवढंच कळतं. तो कुठे ठेवलाय ते फक्त त्या वहीत होतं, आणि ती वही कोणाला वाचता येऊ नये म्हणूनच मराठीत होती. इंजिनियर यायचे आणि जायचे, मॅनेजर बदलायचे, पण सलीमला कोणी हलवलं नाही ते त्या वहीमुळे. हे त्याने मला त्या पाटाच्या काठावर बसून चार वाक्यांत सांगितलं. मी गिनीच्या टेलिफोनांची गोष्ट सांगितली होती, आणि माझ्या भावाचा टेलिफोन मीच उपसून दुसऱ्याच्या हातात दिला होता. तोंडातला खजूर मला गिळताही येईना, थुंकताही येईना.

“मला काय माहीत, सलीम.”

“नाय माहीत. मी सांगितला कुठे तुला.” त्याने पाटातलं पाणी तोंडावर मारलं आणि टोपी घातली. “चल. कफीलने असरच्या नमाजीनंतर बोलावलाय.”

त्याने मला एक शिवी जरी दिली असती तरी बरं वाटलं असतं.

बुरैदा, दुपार

कफील सत्तरीचा, पांढऱ्या दाढीचा, अतिशय नम्र माणूस. त्याने मला शेजारी बसवलं, प्रकृती विचारली, मुलं किती विचारलं. त्या नम्रपणाची मला जास्तच भीती वाटली. ओरडणाऱ्या माणसाचं काय चाललंय ते कळतं तरी. पुढचं सगळं अरबीत झालं आणि मला चेहऱ्यांवरून वाचावं लागलं.

कफीलने फहदला विचारलं. फहदने आपली नवी वही पुढे ठेवली. कफीलने पानं उलटली आणि समाधानाने मान हलवली. मी सलीमकडे बघितलं. तो जमिनीवरच्या गालिच्याची नक्षी बघत होता. माझ्या तीन ओळी उतरवलेला रुबीनाचा तक्ता मला दिसायला लागला, परके किल्ल्या देऊन जातात या तिसऱ्या ओळीला तिने लाल रंग दिला होता. नसीमाला काय सांगायचं? की तुझ्या घराची चावी तुझ्या जेठाने मोठ्याने वाचून दाखवली? माझ्या हातातला कप हलला आणि वाढणाऱ्याला वाटलं मी नको म्हणतोय.

मग कफीलने आणखी काहीतरी विचारलं आणि फहद म्हणाला, “ला.” नाही. एवढं मला कळलं. त्यानंतर तो बराच वेळ बोलत होता, वहीवर बोट ठेवून, मग सलीमकडे हात करून. म्हाताऱ्याने भुवया उंचावल्या. सलीमने मान वर केली. त्याचा चेहरा मला काही केल्या वाचता येईना. बरं आहे की वाईट, कोणाला विचारू?

गाडीत सलीम पुढे बसला. मग मागे वळून म्हणाला, “एक वर्ष दिला. त्याच्यानंतर नाय.”

“फहद काय म्हणाला?”

“म्हणाला, वहीत जागा लिहिल्यात. पण कुठला व्हॉल्व्ह वरून नवा दिसतो आणि आतून गेलेला असतो, कुठल्या इंजिनियरला आधी द्यायचा, ते वहीत नाय. ते डोक्यात हाय. एक वर्ष हा माणूस मला पायजे, नाहीतर दुसऱ्या दिवशी गोदाम उघडणार नाय.”

फहद आरशातून माझ्याकडे बघत होता. इंग्लिशमध्ये म्हणाला, “तुमची माणसं थोडे दिवस थांबली होती ना, सर?” मी हो म्हटलं. त्याला मी खरं तर मिठी मारली असती, पण तो एकशेवीसने गाडी चालवत होता. आणि भीती माझी गेली नव्हती, ती फक्त एक वर्ष पुढे सरकली होती.

घरी

मी परत आलो. रुबीना मार्चमध्ये दहावी झाली. पुढच्या पावसाळ्याआधी, वर्ष भरायच्या आतच, सलीमने सामान बांधायला घेतलं, म्हणाला, ढकलून काढण्यापेक्षा आपण निघावं. तोपर्यंत त्याने सगळी वही स्वतःच इंग्लिशमध्ये उतरवून दिली होती. फहदचं लग्न झालं, त्याने खजुराचं खोकं पाठवलं.

ओट्यावर बसून खजूर खाताना मी सलीमला विचारलं, गोदामाच्या किल्ल्या देताना फहदला काय म्हणालास.

“काय म्हणणार?” तो म्हणाला. “म्हटलं, मागच्या रॅकखाली उंदरांचा औषध घातलाय. तिथे हात घातलास तर हात धुवून जेव.”

“एवढंच?”

“त्याला ठाऊक नव्हता ना.”

एकतीस वर्षं मी त्या खेळातल्या परक्याला एकही वाक्य दिलं नव्हतं. यंदा चौदा ऑगस्टला शाळेने बोलावलं तेव्हा सलीमलाही घेऊन गेलो. फळ्यावर तीनच ओळी लिहिल्या. त्या खोट्या नाहीत, इंग्रजाला जायलाच हवं होतं. पण या वेळी टोपी घातलेल्या मुलीला बाजूला घेऊन एक वाक्य शिकवलं. तिने किल्ल्या पुढे केल्या आणि भराभर म्हणाली, “मागच्या कपाटाखाली उंदरांचं औषध घातलंय, सांभाळा,” आणि दाराकडे वळली. पोरं हसायची थांबली, हे काय नवीन म्हणून एकमेकांकडे बघायला लागली.

मागच्या बाकावरून सलीमने हात वर केला, विद्यार्थी करतात तसा.

“भाय,” तो म्हणाला, “हात धुवून जेव, ते ऱ्हायला.”